कोऱ्या नोंदवहीचा फायदा कोणाला?

मित्रहो, या देशाला नोंदी ठेवता येत नाहीत असे कोणी म्हणू नये. सातबाऱ्यावर कोणाचे नाव कधी चढले आणि कधी उतरले, हे शंभर वर्षांनंतरही सांगता येते. जातीचा दाखला काढायला गेलो की आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला मागतात आणि पुष्कळदा तो कुठल्यातरी दप्तरात सापडतोही. पण त्याच पणजोबांचा पणतू प्रेस मशीनखाली दोन बोटे गमावतो, तेव्हा ती कुठल्या तारखेला, कुठल्या मशीनवर, कोणाच्या हुकमाखाली काम करताना गेली, हे सांगणारी एक ओळ कुठल्याच दप्तरात मिळत नाही. ज्यांना नोंद ठेवता येते आणि जे इतर सगळ्या नोंदी चोख ठेवतात, ते नेमकी हीच नोंद ठेवत नसतील तर त्याला आळस म्हणता येणार नाही. तो हिशेब आहे, आणि तो कोणाच्या फायद्याचा आहे, एवढेच आम्हाला या लेखात मांडायचे आहे.

आम्ही पाच-सहा कार्यकर्ते गेली काही वर्षे दर रविवारी वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर एक टेबल मांडून बसतो. आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणारे लोक कागद घेऊन येतात. पगाराची पावती, पीएफचा मेसेज, कामावरून काढल्याची चिठ्ठी, दवाखान्याचा केसपेपर. आम्ही कोणी वकील नाही. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहे, एक रिक्षाचालक आहे, दोघी अंगणवाडीत काम करतात आणि बाकीचे कारखान्यातलेच आहेत. आम्ही कागद वाचतो, समजावून सांगतो, अर्ज लिहून देतो. इतक्या रविवारांत आमच्या हातून जे कागद गेले, त्यांत अपघाताचे बळी पुष्कळ होते, पण अपघाताची नोंद असलेले कागद फार थोडे.

कायदा काय सांगतो

कायदा नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम ८८ होते. अपघातात कामगार मेला, किंवा जखमेमुळे ४८ तास वा त्याहून जास्त वेळ कामावर येऊ शकला नाही, तर व्यवस्थापकाने ताबडतोब सरकारी यंत्रणेला कळवावे, असे ते सांगत होते. कलम ८९ आजारांसाठी होते. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २९ आजारांची यादी होती. शिशाची विषबाधा, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, अॅस्बेस्टोसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस असे आजार त्यात होते. यांपैकी एखादा आजार कामगाराला झाला तर व्यवस्थापकाने कळवायचे, आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरनेही मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचे. डॉक्टरने कळवले नाही तर त्यालाही दंड होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रम संहिता लागू झाल्या आणि कारखाना कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. तरी ही कर्तव्ये पुसली गेली नाहीत. अपघात कळवण्याचे कलम आता १० वे आहे, आजार कळवण्याचे १२ वे. ४८ तासांची अटही तशीच आहे.

दुसरी व्यवस्था राज्य कामगार विमा योजनेची, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो तिची. या योजनेच्या १९५० च्या विनियमांनी प्रत्येक मालकाला अपघात नोंदवही ठेवायला सांगितले आहे. ती सहज हाताला लागेल अशा ठिकाणी असली पाहिजे आणि शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षे जपली पाहिजे. त्यातली एक तरतूद आम्ही प्रत्येक रविवारी मोठ्याने वाचून दाखवतो. या वहीत जखमी कामगार स्वतः नोंद करू शकतो, किंवा त्याच्या वतीने दुसरे कोणीही करू शकते. म्हणजे ही वही मालकाने ठेवायची असली तरी तिच्यात लिहिण्याचा अधिकार एकट्या मालकाचा नाही. आम्ही हे सांगतो तेव्हा समोरचे लोक एकमेकांकडे बघतात. वीस-वीस वर्षे कारखान्यात काढलेल्या माणसांनी ती वही डोळ्यांनी पाहिलेली नसते.

नोंद का हवी, हे ज्याला लागलेले नाही त्याला चटकन समजत नाही. विमा योजनेत कामावर झालेल्या दुखापतीसाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असली पाहिजे अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क लागू होतो. तात्पुरते अपंगत्व आले तर मजुरीच्या ९० टक्के दराने रक्कम मिळते, कायमचे आले तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर पेन्शन मिळते. पण हे सगळे एका गोष्टीवर उभे आहे. जखम कामावर झाली हे दिसले पाहिजे. जखम घरी झाली असे कागद म्हणाला, तर तीच दोन बोटे साधे आजारपण ठरतात. बोटे तीच असतात, पण एका शब्दाने पेन्शन जाते.

नोंद कशी चुकवतात

एका रविवारी बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा आला. डाव्या हाताची दोन बोटे पेरापासून गेलेली. प्रेस मशीनचा सेन्सर बंद पडला होता, काम थांबवायचे नाही म्हणून तसेच चालवायला लावले होते. त्याच्या केसपेपरवर लिहिले होते, "घरी दारात बोटे अडकून दुखापत." आम्ही विचारले, हे कोणी सांगितले? तो म्हणाला, "दादा, मी तर हात फडक्यात धरून बसलो होतो. बोलायची शुद्ध नव्हती. सुपरवायझर संगं आला होता, त्यानंच डॉक्टरला सांगितलं." दवाखाना कारखान्याने ठरवलेला, बिल कारखान्याने भरलेले. मुलाच्या आईला वाटले की मालक भला माणूस आहे, औषधपाण्याचा खर्च त्याने केला. त्या खर्चात मालकाने काय विकत घेतले होते हे तिला आम्ही समजावले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग ४८ तासांच्या अटीतून जातो. जखमी माणसाला दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतात. "काम करू नको, नुसता गेटपाशी बस, हजेरी लागेल, पगार बुडणार नाही." पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून माणूस खुर्चीवर बसतो, मस्टरवर सही करतो, आणि कागदोपत्री तो कामावर हजर असतो. ४८ तास भरतच नाहीत, मग सूचना कशाची पाठवायची? पगार बुडाला नाही म्हणून तोही खूश. पुढे सहा महिन्यांनी हात काम देत नाही म्हणून त्याला काढतात, तेव्हा त्याच्याविरुद्ध पहिला साक्षीदार त्याच्याच सहीचे मस्टर असते.

तिसरा मार्ग विम्याच्या कार्डाचा. महिनोन्‌महिने नोंदणी केलेली नसते. अपघात झाला की दुपारपर्यंत नाव चढवतात. कार्डावरची नोंदणीची तारीख आणि अपघाताची तारीख एकच असलेले कागद आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहेत. चौथा मार्ग स्टॅम्पपेपरचा. वीस-पंचवीस हजार रुपये हातावर ठेवून "माझी कसलीही तक्रार नाही, यापुढे कसलाही दावा करणार नाही" यावर अंगठा घेतात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १७ ने असा हक्क सोडून देणारा करार मुळातच निरर्थक ठरवला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी राजवटीला जे कळत होते, ते आमच्या वस्तीत अजून पोहोचलेले नाही, कारण पोहोचवणाऱ्याला त्यात लाभ नाही.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे फाटकावरची पाटी. "शेवटच्या अपघाताला झालेले दिवस" असे लिहून त्याखाली रोज वाढणारा आकडा. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, कामगारांना रांगेत उभे करून शपथ देतात, पेढे वाटतात, आकडा मोठा झाला म्हणून बक्षीसही देतात. पण बक्षीस अपघात न होण्याचे असते की अपघात न लिहिण्याचे? ज्या खात्यात अपघात लिहिला गेला त्या खात्याचे बक्षीस बुडते, मग जखमी माणसाचे सोबतीच त्याला म्हणतात, "गप बस, सगळ्यांचं नुकसान करू नको." नोंद न करण्याची शिक्षा कोणालाच नाही आणि नोंद केल्याची शिक्षा सगळ्यांना. अशी व्यवस्था उभी केल्यावर वही कोरी राहिली तर त्यात नवल कसले?

रकान्याचे नाव कोण ठेवतो

काही मित्र म्हणतात, हा सगळ्याच कामगारांचा प्रश्न आहे, यात जात कशाला आणता? बोटे मराठ्याचीही जातात, ब्राह्मणाचीही जाऊ शकतात. बरोबर आहे. मशीन जात विचारत नाही. पण कोणाला कोणत्या मशीनवर, कोणत्या खड्ड्यात, कोणत्या ठेकेदाराच्या हाताखाली उभे करायचे, हे ठरवणारी व्यवस्था जात विचारते. शहरांमधली गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८,००० कामगारांची सरकारनेच केलेली नोंद २०२४ मध्ये बाहेर आली. त्यात सुमारे ९२ टक्के लोक अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गातले होते. एकट्या अनुसूचित जातींचे जवळपास ६९ टक्के. हे आकडे आम्ही जन्माला घातलेले नाहीत. मोजल्यावर ते दिसले, न मोजता कधीच दिसले नसते.

आता २०२१ चे पावसाळी अधिवेशन आठवा. हाताने मैला साफ करताना कोणाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही, असे सरकारने राज्यसभेत सांगितले. देशभर संताप उठला. मग काही दिवसांतच दुसरा आकडा पुढे आला. गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ९४१ कामगार मेले आहेत. दोन्ही उत्तरे एकाच सरकारची, आणि तांत्रिकदृष्ट्या दोन्ही "खरी". कारण २०१३ च्या कायद्यात मैला वाहणे आणि गटारात उतरून धोकादायक सफाई करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या रकान्यात शून्य, दुसऱ्यात ९४१. माणसे तीच, वस्त्या त्याच. रकान्याचे नाव बदलले की मेलेली माणसे नाहीशी होतात, याहून ढळढळीत उदाहरण आम्हाला माहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पण मृत्यू कोणत्या नावाने लिहिला गेला, यावर हे ३० लाख घरात येणार की नाही हे ठरते.

मुंबईत कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांची लढाई आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यांत बहुसंख्य आपलेच लोक होते. त्यांना कामगार म्हणायचेच नाही, "स्वयंसेवक" म्हणायचे, आणि मजुरीला मानधन म्हणायचे, अशी ती रीत होती. शेवटी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने २,७०० जणांना कायम कामगार म्हणून मान्यता मिळाली. ज्याला कामगारच म्हटले नाही, त्याच्या पायात कचऱ्यातली सुई घुसली तर ती कामावरची जखम कशी ठरणार? आमच्या टेबलाशी एक सफाई कामगार ताई येत असत. पायाला, हाताला काचेचे वळ. त्यांना आम्ही विचारले की हे कुठे लिहिले जाते का. त्या हसल्या. "लिवत्यात की. न आल्याला खाडा लिवत्यात." जखमेसाठी वही नाही, पण जखमेमुळे पडलेल्या खाड्यासाठी आहे. ठेकेदाराचे दप्तर असे एकाच बाजूने बोलते.

दप्तर जुनेच आहे

आपल्या समाजाला हे नवे नाही. गावाच्या शिवेचा वाद निघाला की महाराला बोलावत, कारण शीव कुठून कुठे जाते हे त्याच्या पायांना ठाऊक असे. त्याची साक्ष ग्राह्य धरत. पण ती साक्ष लिहिली जाई कुलकर्ण्याच्या दप्तरात. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि पुढच्या पिढीत कागद ज्याच्याकडे त्याचीच शीव. महार वतनदार रात्रंदिवस सरकारचे काम करी, पण त्याचे कामाचे तास कुठे मांडलेले नव्हते, म्हणून त्याच्या कामाला मोलही नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच अमर्याद आणि बेहिशेबी राबवणुकीविरुद्ध.

गाव सोडून माणसे गिरणीत आली. तिथे विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. मजुरी विणाईत जास्त होती. बाबासाहेबांनी गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला. या वाटणीची दुसरी बाजू फुप्फुसांत आहे. कापूस पिंजण्यापासून सूत निघेपर्यंतच्या टप्प्यांवर कापसाची धूळ विणाईपेक्षा जास्त असते. म्हणजे जातीमुळे मजुरी कमी आणि धूळ जास्त. या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचे एक लक्षण असे की, साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते, मग सुरुवातीला एकदोन दिवसांत बरे वाटते. सोमवारी कोणाला दम लागला, याची वर्षभर साधी नोंद कोणी ठेवली असती, तरी धूळ आणि दमा यांचे नाते सामान्य माणसालाही दिसले असते. नोंद नव्हती म्हणून आमच्या आज्या म्हणत राहिल्या, "ह्यांना बिडीनं खाल्लं."

आजारांचे हे दुखणे अपघातापेक्षा खोल आहे. बोट तुटले तर चार लोक बघतात. फुप्फुस दहा-वीस वर्षांत झिजते, तोवर माणसाने तीन ठेकेदार बदललेले असतात. दगडखाणीत, क्रशरवर काम केलेल्या माणसाच्या छातीचा फोटो बघून पुष्कळदा क्षयाची औषधे सुरू होतात. त्या माणसाला "तू आयुष्यभर काय काम केलेस" हा एक प्रश्न कोणी विचारत नाही, आणि विचारला तरी केसपेपरवर लिहीत नाही. क्षय लिहिला की दोष वस्तीचा, दारिद्र्याचा, नशिबाचा. सिलिकोसिस लिहिला की दोष धुळीचा आणि धूळ उडवणाऱ्याचा. म्हणून दुसरा शब्द क्वचितच उमटतो.

न्यायालयाला हे उमगले होते. २७ जानेवारी १९९५ रोजी अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि नुसते सांगून न्यायालय थांबले नाही. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर जपा, असा आदेश दिला. चाळीस वर्षे! कारण आजार तितका काळ दबा धरून बसतो. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात कलम ४१ क घातले गेले. त्यानेही विषारी पदार्थांशी काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि त्या कामगारांना पाहू देणे मालकावर बंधनकारक केले. म्हणजे नोंद कामगाराला दिसली पाहिजे हे तत्त्व आपल्याकडे मान्य झालेले आहे. ते फक्त धोकादायक कारखान्यांच्या फाटकात अडकून पडले आहे.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण देतो. अमेरिकेत दहापेक्षा जास्त माणसे असलेल्या बहुतेक आस्थापनांना वर्षभरातल्या दुखापती आणि आजारांचा गोषवारा दरवर्षी १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल कामाच्या जागी, सगळ्यांना दिसेल असा लावावा लागतो. मूळ नोंदवही कामगार मागू शकतो, आणि ती पाच वर्षे जपावी लागते. तिथेही मालक नोंदी दडवतात, त्याच्या तक्रारी होतात. पण दडवलेली गोष्ट पकडायला निदान भिंतीवर कागद असतो. "हे खोटे आहे, माझा हात यात नाही," असे म्हणायला जागा असते. आपल्याकडे सूचना वर जाते, निरीक्षकाच्या टेबलावर. ती गेली की नाही, हे ज्याचा हात गेला त्याला कळत नाही.

आक्षेपांची उत्तरे

लहान मालक म्हणतात, कागदपत्रांचे ओझे वाढवू नका, आम्ही आधीच पिचलो आहोत. आमचे त्यांना विचारणे आहे, एका ओळीचे ओझे किती? तारीख, वेळ, नाव, मशीन, काय झाले, कोणी पाहिले. जीएसटीचे विवरण महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्याला ही ओळ जड वाटते, तेव्हा ओझे कागदाचे नसते, जबाबदारीचे असते. आणि कायद्याने लहानांना सूट दिलेलीच आहे. विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतला आकडा नव्या संहितेने १० वरून २० केला, विजेशिवायच्या कारखान्याचा २० वरून ४०. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याचा आकडा २० वरून ५० झाला. धोकादायक कामांचे अपवाद सोडले तर दहापेक्षा कमी माणसांची जागा या संहितेच्या बाहेरच राहते. नऊ माणसांच्या शेडमध्ये बोट तुटले तर ते कमी दुखते का?

आपल्याच चळवळीतले काही जण म्हणतात, आधी मजुरी, आधी कायम नोकरी, वह्या नंतर बघू. आम्ही मजुरीच्या लढाईला कमी लेखत नाही. पण मुंबईच्या कामगारांनी न्यायालयात काय सिद्ध केले? आम्ही इतकी वर्षे इथे काम केले, हेच. ते सिद्ध करायला कागदच लागले. बाबासाहेबांचे आयुष्य पाहा. महाडला गेले तेव्हा त्यांच्या हातात बोले ठराव होता. सायमन कमिशनपुढे गेले तेव्हा लेखी निवेदन होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ पासून मजूर खाते सांभाळताना त्यांनी कामगारांचे प्रश्न कळवळ्यावर सोडले नाहीत, कायद्याच्या कलमांत बांधले. संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये कामगारांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा गैरवापर होऊ नये असे लिहिले आहे, ४२ मध्ये कामाच्या न्याय्य आणि मानवी परिस्थितीची हमी देण्यास राज्याला सांगितले आहे. ही तत्त्वे भाषणात म्हणून उपयोग नाही. ती कारखान्यातल्या त्या एका वहीत उतरतात किंवा उतरत नाहीत.

आता करायचे काय

आमच्या टेबलावर आम्ही पुढच्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. प्रत्येक वस्तीने त्या आपल्या विहारात, समाजमंदिरात लावाव्यात.

लागले की पहिल्यांदा उपचार. पण दवाखान्यात डॉक्टरला स्वतःच्या तोंडाने सांगा, "कामावर लागले," आणि मशीनचे नाव सांगा. बोलता येत नसेल तर घरच्या माणसाने तिथे पोहोचावे. केसपेपरवर काय लिहिले ते तिथेच वाचून घ्या. वाचता येत नसेल तर फोटो काढून वाचणाऱ्याला पाठवा. चुकीचे लिहिले असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती मागा.

अपघात नोंदवही मागा. विमा योजनेत असाल तर तिच्यात तुम्ही किंवा तुमचा सोबती लिहू शकतो. वही दिली नाही तर साध्या कागदावर तारीख, वेळ, जागा, मशीन, साक्षीदारांची नावे लिहून मालकाला स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. कंत्राटी असाल तर ठेकेदार आणि मूळ मालक, दोघांनाही पाठवा. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. विमा योजनेत नसाल तर भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करा. "बघू, करू" म्हणत मालक दिवस ढकलतो, ते हीच मुदत संपण्यासाठी.

लागले असताना नुसत्या हजेरीसाठी जाऊ नका. डॉक्टरने विश्रांती लिहिली असेल तर तो कागद मालकाला द्या. स्टॅम्पपेपरवर अंगठा देऊ नका. आणि एक वही स्वतःची ठेवा. कुठल्या साली कुठे काम केले, कोणत्या धुळीत, कोणत्या रसायनात, ठेकेदार कोण होता. वीस वर्षांनी डॉक्टरने विचारले नाही तरी तुम्ही ती त्याच्यापुढे ठेवा. आमच्या वस्तीत दहावीतल्या मुलींनी आपल्या आईवडिलांच्या अशा वह्या लिहायला घेतल्या आहेत. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिकायला बंदी होती, त्यांच्या लेकी आता जखमा तारीखवार लिहीत आहेत.

सरकारकडे आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. दुखापती आणि आजारांचा वार्षिक गोषवारा प्रत्येक आस्थापनेने फाटकावर मराठीत लावावा. निरीक्षकाला पाठवलेल्या प्रत्येक सूचनेची प्रत जखमी कामगाराला किंवा त्याच्या वारसाला मिळावी. दहापेक्षा कमी माणसांच्या शेडलाही नोंदीचे बंधन असावे. नगरपालिका आणि महापालिकांनी ठेकेदाराच्या सफाई कामगारांची नोंद स्वतः ठेवावी, ठेकेदारावर ढकलू नये. आणि या नोंदींत सामाजिक प्रवर्गाचा रकाना असावा, मालकासाठी नव्हे, तर एकत्रित आकडेवारीसाठी; म्हणजे धोका कोणाच्या वाट्याला येतो हे पुन्हा कोणाला "माहिती उपलब्ध नाही" म्हणून झटकता येणार नाही.

कोरी वही निष्पाप नसते. तिच्या प्रत्येक कोऱ्या पानावर कोणाचे तरी पेन्शन वाचलेले असते, कोणाचा तरी दंड टळलेला असतो. येत्या सोमवारी कामावर गेलात की एवढेच करा. सुपरवायझरला शांतपणे विचारा, "साहेब, अपघाताची नोंदवही कुठं असते?" उत्तर काय मिळाले ते रविवारी येऊन आम्हाला सांगा. आपण तेही लिहून ठेवू.

जयभीम.